विशेषणाला शेपूट कोणतं? 'ॲट', 'ऑफ', 'टू'च्या घोळातून बाहेर पडताना

नोकरीला लागून तीन महिने झाले होते. ओळीने रात्रपाळ्या करून अंग आंबून गेलं होतं, म्हणून एका दिवसाची सुट्टी मागायला टीम लीडला मेल टाकला: 'आय ॲम टायर्ड ऑफ नाइट शिफ्ट. प्लीज ग्रँट मी वन डे लीव्ह.' पहाटे चारला, कॅब सुटायच्या आधी, त्याने मला कोपऱ्यातल्या खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि हळूच विचारलं, "दुसरीकडून ऑफर आलीय का तुला?"

मला काही कळेना. मला सांगायचं होतं की रात्रपाळीने थकलेय. मी लिहून बसले होते की रात्रपाळीला विटलेय. 'टायर्ड फ्रॉम' म्हणजे थकवा, 'टायर्ड ऑफ' म्हणजे वीट. सुट्टी मिळाली, पण पुढचे पंधरा दिवस तो माझ्याकडे जरा संशयानेच बघत होता.

मी कराडजवळच्या एका गावात मराठी शाळेत शिकले. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. आता माझ्या हाताखाली येणारी मुलं पहिलीपासून इंग्रजी शिकलेली असतात, काळांचे बारा प्रकार घडाघडा म्हणून दाखवतात आणि तरीही 'मॅरिड विथ' लिहितात. तेव्हा मराठी माध्यमाला बोल लावण्यात अर्थ नाही. हा भाग कुणी नीट बसून शिकवतच नाही, एवढंच.

व्याकरणाच्या पुस्तकात 'ॲट', 'ऑफ', 'टू' यांना शब्दयोगी अव्ययं म्हणतात. इंग्रजीत ती विशेषणाच्या मागे लोंबतात, म्हणून आमच्या बॅचमध्ये आम्ही त्यांना शेपटं म्हणतो. इथेही तेच म्हणेन.

काय काय लागेल

- एक दोनशे पानी वही. फोनमधली नोट्स चालणार नाहीत, कारण आपण त्या पुन्हा उघडत नाही.
- फोनवर एक 'लर्नर्स' डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन या तिघांच्याही वेबसाइटवर फुकट बघता येते. इंग्रजी-मराठी शब्दकोश या कामाला उपयोगाचा नाही. तो अर्थ देतो, शेपूट देत नाही.
- तुमचाच मेलचा 'सेंट' फोल्डर. ही सगळ्यात महत्त्वाची वस्तू.
- रोजची दहा मिनिटं.

१. आधी मराठीत काय चालतं ते बघा

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात: "मॅडम, पण 'गुड'ला 'ॲट' का? नियम काय?"

समजा तुम्ही सुमीवर चिडलात. 'मला सुमीचा राग आला.' 'मी सुमीवर रागावले.' 'माझं सुमीशी वाजलं.' 'मी सुमीला खूप बोलले.' सुमी एकच, राग एकच आणि शेपटं चार. वाघाला आपण भितो, पण भीती वाटते ती वाघाची. हे तुम्हाला कुठल्या वर्गात शिकवलं? कुणीच नाही. 'राग' हा शब्द कानावर आला तोच 'चा' घेऊन आला आणि 'रागावणे' आलं ते 'वर' घेऊन.

इंग्रजीतही तसंच आहे. 'गुड' आणि 'ॲट' हे दोन शब्द नाहीतच, 'गुडॅट' असा एक शब्द आहे असं समजा. 'अफ्रेडॉफ', 'मॅरिटू', 'इंट्रेस्टेडिन'. बोलणारे लोकही ते जवळपास असंच जोडून म्हणतात. 'का'चं उत्तर शोधण्यात मी एक अख्खं वर्ष घालवलं. तुम्ही घालवू नका.

२. जिथे दोन्ही भाषा जुळतात तिथे वेळ दवडू नका

आपली चूक कशी होते? डोक्यात वाक्य मराठीत तयार होतं आणि आपण त्याच्या शेपटाचंही भाषांतर करतो. 'वर'चं 'ऑन', 'शी'चं 'विथ', 'त'चं 'इन', 'पेक्षा'चं 'दॅन', 'ची'चं 'ऑफ'. गंमत म्हणजे कित्येकदा हे बरोबरही येतं. गाण्यात रस, 'इंट्रेस्टेड इन'. मुलीचा अभिमान, 'प्राउड ऑफ'. वडिलांवर अवलंबून, 'डिपेंडंट ऑन'. पेढ्यांसाठी प्रसिद्ध, 'फेमस फॉर'. कामाशी परिचित, 'फॅमिलियर विथ'. धोक्याची जाणीव, 'अवेअर ऑफ'. हे शब्द वहीत लिहू नका. ते आपोआप बरोबर येतात, त्यांचा सराव करण्यात नुसती पानं भरतात.

एक अपवाद लक्षात ठेवा: 'डिपेंडंट ऑन' असलं तरी त्याचा उलटा शब्द 'इंडिपेंडंट ऑफ' आहे. विरुद्धार्थी शब्दाला तेच शेपूट असेल असं धरून चालू नका.

३. जिथे मराठी शेपूट दगा देतं ते शब्द पाठ करा

पाठ करायचं म्हणजे एवढंच. मी मराठी शेपटानुसार देतेय, कारण चूक तिथूनच उगवते.

*'वर'वाले.* 'साहेब माझ्यावर खूश आहेत' याचं आपण 'हॅपी ऑन मी' करतो. हवं 'हॅपी विथ मी'. 'हॅपी फॉर मी' म्हणजे वेगळंच: माझं काहीतरी चांगलं झालं म्हणून त्यांना आनंद झालाय. 'तो माझ्यावर जळतो' म्हणजे 'जेलस ऑफ मी'. 'अँग्री ऑन' हा आपला खास लाडका. माणसावर रागवायचं तर 'अँग्री विथ' किंवा 'अँग्री ॲट', गोष्टीबद्दल राग असेल तर 'अँग्री अबाउट'. कामावर समाधानी, 'सॅटिस्फाइड विथ'. ही सगळी 'ऑन'ची जागा सोडणारी विशेषणं आहेत. म्हणून माझा साधा नियम असा, की भावना दाखवणाऱ्या विशेषणामागे हात आपोआप 'ऑन'कडे गेला की थांबायचं आणि बघून घ्यायचं. 'कीन ऑन'सारखे अपवाद आहेत, पण ते थोडे.

*'शी'वाले.* लग्न आणि साखरपुडा दोन्ही 'टू': 'मॅरिड टू', 'एंगेज्ड टू'. कुणाशी नीट वागणं, उद्धट वागणं, प्रेमाने वागणं, हेही 'टू': 'पोलाइट टू', 'रूड टू', 'काइंड टू'. एका मुलीने ओळख करून देताना सांगितलं, 'आय ॲम मॅरिड विथ ॲन इंजिनियर.' समोरच्याला अर्थ कळला, काही बिघडलं नाही. पण 'शी इज मॅरिड विथ टू चिल्ड्रन' हे वाक्य इंग्रजीत अगदी बरोबर आहे. त्याचा अर्थ, तिचं लग्न झालंय आणि तिला दोन मुलं आहेत. म्हणजे 'मॅरिड'नंतरचं 'विथ' कानाला 'पदरात काय आहे' असं सांगतं. 'विथ ॲन इंजिनियर' म्हटल्यावर इंजिनियर पदरात पडतो.

*'त'वाले.* 'ती गणितात हुशार आहे' म्हणजे 'गुड ॲट मॅथ्स'. 'बॅड ॲट', 'ब्रिलियंट ॲट', 'होपलेस ॲट' सगळे त्याच वाटेने. 'वीक इन मॅथ्स' मात्र चालतं, आणि याच एका शब्दाने आपल्या सगळ्यांचा 'गुड'ही बिघडवलाय असा माझा संशय आहे, कारण प्रगतिपुस्तकावर 'वीक इन' हेच जास्त वाचायला मिळायचं! 'ऑफिसात गैरहजर' हे 'ॲबसेंट फ्रॉम ऑफिस'. रजेच्या अर्जांत 'ॲबसेंट इन' अजून सर्रास दिसतं.

*'पेक्षा'वाले.* 'सिनियर दॅन मी' ही चूक ऑफिसात रोज ऐकू येते. सिनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे चारही लॅटिनमधले तुलनेचे शब्द आहेत. 'जास्त', 'कमी' हे त्यांच्या पोटातच आहे. इंग्रजीने ते तसेच्या तसे उचलले आणि 'दॅन'ऐवजी त्यांना 'टू' लावलं. म्हणून 'ही इज सिनियर टू मी'. 'प्रेफरेबल'लाही 'टू'च, 'मोअर प्रेफरेबल दॅन' नको. 'इतरांपेक्षा वेगळा' यात 'डिफरंट फ्रॉम' सगळीकडे चालतं. अमेरिकेत लोक 'डिफरंट दॅन' म्हणतात, ब्रिटनमध्ये बोलताना 'डिफरंट टू' ऐकू येतं. तुम्ही 'फ्रॉम' धरा आणि दुसऱ्याला दुरुस्त करायला जाऊ नका.

*'ची'वाले.* 'मला धुळीची ॲलर्जी आहे', 'मला गर्दीची सवय आहे', 'त्याला मोबाइलचं व्यसन आहे'. तिन्हींत आपण 'ऑफ' टाकतो, तिन्हींना 'टू' लागतं: 'ॲलर्जिक टू', 'यूज्ड टू', 'ॲडिक्टेड टू'.

*'ने'वाले.* 'हंडा पाण्याने भरलेला' याला 'फुल ऑफ वॉटर', पण 'फिल्ड विथ वॉटर'. अर्थ एकच, शब्द सख्खे, शेपटं वेगळी. इथे डोकं चालवू नका, दोन्ही पाठ करा.

'सारखा'चं फक्त एक सांगते: 'सेम लाइक' नाही, 'सेम ॲज'. आणि 'सिमिलर'ला 'टू'.

४. शेपूट बदललं की अर्थ बदलतो, ते शब्द वेगळ्या पानावर

वरच्या यादीत चुकलात तर समोरचा समजून घेतो. इथे चुकलात तर समोरच्याला भलताच अर्थ पोचतो आणि वाक्य बरोबर असल्यामुळे त्याला शंकाही येत नाही. माझ्या सुट्टीच्या मेलचं असंच झालं होतं.

'गुड'चंच बघा. 'गुड ॲट मेडिसिन' म्हणजे वैद्यकशास्त्रात हुशार. 'गुड फॉर कफ' म्हणजे खोकल्याला गुणकारी. 'गुड विथ चिल्ड्रन' म्हणजे मुलांना सांभाळून घेणारा, मुलं ज्याच्याशी रमतात असा. 'गुड टू मी' म्हणजे माझ्याशी चांगला वागलेला. आणि 'दॅट्स गुड ऑफ यू' म्हणजे हा तुमचा चांगुलपणा. एका डॉक्टरला हे पाचही लागू पडू शकतात, पण एका जागी दुसरं टाकलं तर खोकल्याच्या औषधाला मुलं सांभाळायला लावाल.

'फॅमिलियर'मध्ये दिशा उलटते. 'आय ॲम फॅमिलियर विथ धिस सॉफ्टवेअर', इथे मी जाणकार. 'धिस नेम इज फॅमिलियर टू मी', इथे नाव ओळखीचं. मुलाखतीत 'आय ॲम फॅमिलियर टू एक्सेल' म्हणालात तर एक्सेल तुम्हाला ओळखतं असा अर्थ होतो.

'कन्सर्न्ड अबाउट' म्हणजे काळजी वाटते. 'कन्सर्न्ड विथ' म्हणजे त्याच्याशी संबंध आहे, तो विषय आहे. 'वी आर नॉट कन्सर्न्ड विथ युअर कंप्लेंट' असं ग्राहकाला लिहून बघा, फोन लगेच येईल. 'सॉरी अबाउट द डीले' ही दिलगिरी, 'सॉरी फॉर हिम' ही कीव. 'ॲंक्शस अबाउट द रिझल्ट' म्हणजे निकालाची धाकधूक, 'ॲंक्शस फॉर द रिझल्ट' म्हणजे निकाल कधी लागतो असं झालेलं.

'रिस्पॉन्सिबल'ची गंमत आणखी निराळी. 'रिस्पॉन्सिबल टू' ज्याला जाब द्यायचा तो, 'रिस्पॉन्सिबल फॉर' जे काम आपल्याकडे आहे ते. पण त्याच 'फॉर'चा अर्थ 'ज्याच्यामुळे घडलं तो' असाही होतो. थकलेल्या बिलांचा पाठपुरावा करणाऱ्या एका मुलाने ग्राहकाला लिहिलं, 'आय ॲम रिस्पॉन्सिबल फॉर द डीले इन पेमेंट्स.' शेपूट बरोबर, पण वाचणाऱ्याने कबुलीजबाब समजून घेतला. अशा ठिकाणी 'आय लुक आफ्टर' किंवा 'आय हँडल' लिहून मोकळं व्हा.

५. शेपटामागे क्रियापद आलं तर 'इंग' लावा

शेपटानंतर नाम येतं. क्रियापद आणायचं तर त्याला 'इंग' लावून नाम बनवावं लागतं. 'गुड ॲट कुकिंग', 'टायर्ड ऑफ वेटिंग', 'केपेबल ऑफ डुइंग'. इथवर कुणी अडखळत नाही. अडतं ते 'टू'पाशी, कारण 'टू' दोन आहेत. एक 'टू गो', 'टू ईट'मधला. त्याच्यामागे मूळ क्रियापद. दुसरा आपला शेपटाचा 'टू', त्याच्यामागे 'इंग'.

ओळखायची युक्ती: 'टू'नंतर 'इट' ठेवून बघा. 'आय ॲम यूज्ड टू इट' जमतं, म्हणजे शेपूट आहे, म्हणून 'आय ॲम यूज्ड टू वेकिंग अप अर्ली'. 'आय ॲम रेडी टू इट' मात्र अर्धवट वाटतं (खायला तयार वाटलं तर ते स्पेलिंग वेगळं), म्हणून 'रेडी टू गो'.

'आय यूज्ड टू वेक अप अर्ली', 'ॲम'शिवाय, म्हणजे पूर्वी उठायचे, आता नाही. 'ॲम यूज्ड टू वेकिंग' म्हणजे सवय आहे. एका 'ॲम'ने तुमची सवय मोडते किंवा टिकते.

'केपेबल' आणि 'एबल' जुळे दिसतात. 'केपेबल ऑफ डुइंग', 'एबल टू डू'. आणि दोन शब्दांना शेपूटच नाही: 'वर्थ रीडिंग', 'बिझी कुकिंग'. 'बिझी'मागे नाम आलं तरच 'विथ'.

६. प्रश्नात शेपूट गळू देऊ नका

मराठीत शेपूट प्रश्नाच्या शब्दालाच चिकटतं: 'कशाची भीती', 'कशात हुशार', 'कुणावर रागावलीस'. इंग्रजीत 'व्हॉट' पुढे पळतो आणि शेपूट शेवटी एकटं राहतं: 'व्हॉट आर यू अफ्रेड ऑफ?' 'व्हॉट आर यू गुड ॲट?' 'हू आर यू अँग्री विथ?' आपण वाक्य 'अफ्रेड'वरच संपवतो, कारण आपल्या हिशेबाने 'कशाची' बोलून झालेलं असतं.

शाळेत कुणीतरी सांगितलेलं असतं की वाक्याचा शेवट शब्दयोगी अव्ययाने करू नये. हा आक्षेप इंग्रज कवी जॉन ड्रायडनने १६७२ साली घेतला होता. इंग्रज लोक त्याआधीही तसं बोलत होते आणि त्यानंतरही बोलतात. खुशाल करा शेवट.

७. शब्दकोशात नेमकं कुठे बघायचं

लर्नर्स डिक्शनरीची कल्पना रुजवणारा ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचा. त्याचा शब्दकोश आधी १९४२ साली टोकियोत छापला गेला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने काढला. म्हणजे तो मुळात आपल्यासारख्या, इंग्रजी बाहेरून शिकणाऱ्यांसाठीच केलेला आहे. त्यात 'अफ्रेड' उघडा. अर्थावर नजर टाकून लगेच बंद करू नका. खाली ठळक अक्षरांत 'अफ्रेड ऑफ समथिंग', 'अफ्रेड ऑफ डुइंग समथिंग', 'अफ्रेड टू डू समथिंग' असे साचे दिलेले असतात. आपल्याला हवं ते तिथे आहे.

दोन सापळे. गूगलवर 'मॅरिड विथ' शोधून "इतक्या पानांवर आहे म्हणजे बरोबर" असं समजू नका. त्यातली बरीच पानं आपल्यासारख्यांनीच लिहिलेली असतात. आणि फोनमधला व्याकरण तपासणारा 'सिनियर दॅन' पकडेल, पण 'टायर्ड ऑफ नाइट शिफ्ट' पकडणार नाही. त्याच्या दृष्टीने ते वाक्य निर्दोष आहे.

८. वही

'अफ्रेड – ऑफ, गुड – ॲट' अशा दोन रकान्यांच्या याद्या लिहू नका. मी तीन वह्या अशा भरल्या, एकही कामाला आली नाही. प्रत्येक शब्दाला स्वतःच्या घरातलं एक खरं वाक्य लिहा. माझ्या वहीत 'ॲलर्जिक टू'समोर भावाच्या शेंगदाण्याची गोष्ट आहे आणि 'जेलस ऑफ'समोर एका जावेचं नाव आहे, म्हणून ती वही मी कुणाला दाखवत नाही. पण ते दोन शब्द पुन्हा कधी चुकले नाहीत.

दिवसाला तीन वाक्यं पुरतात. लिहिल्यावर मोठ्याने म्हणा, शेपूट विशेषणाला जोडून: 'अफ्रेडॉफ डॉग्ज', मध्ये न थांबता.

लिहिताना 'ऑफ'कडे नीट बघा. एक 'एफ'वालं आणि दोन 'एफ'वालं, दोन्ही आपण 'ऑफ' असंच म्हणतो. इंग्रज पहिल्याला 'अव्ह'च्या जवळपास काहीतरी म्हणतात. उच्चार एक झाल्यामुळे 'टायर्ड' आणि 'अफ्रेड'च्या मागे आपण सर्रास दोन 'एफ' लिहितो. विशेषणाच्या शेपटाला जवळजवळ कायम एकच 'एफ' असतो. 'बेटर ऑफ'सारखे मोजके शब्द दोनवाले आहेत.

आज सुरुवात करायची तर वहीही नंतर आणा. 'सेंट' फोल्डर उघडा, शोधायच्या जागी आधी 'सिनियर दॅन' टाका, मग 'अँग्री ऑन', मग दोन 'एफ'वालं 'टायर्ड ऑफ'. जे सापडेल ते तुमचं पहिलं पान.